वरचा थर

चौथ्या फेरीत मी रणजितला मागे टाकलं. शाळेच्या मैदानाच्या चार फेऱ्या म्हणजे सोळाशे मीटर, भरतीला पळावे लागतात तेवढे. चुन्याची रेघ ओलांडून मी वळून बघितलं, तर माझा धाकटा भाऊ अजून पलीकडच्या गोलपोस्टपाशी होता आणि चक्क हसत होता.

“ताई, तू माणूस हाईस का घोडा?” तो धापा टाकत आला आणि गवतावर आडवा झाला.

“पाच मिनटं बावीस,” मी घड्याळ त्याच्या नाकापुढे धरलं. “तू सहाच्या वर गेलास. फौजेत नुसता खाऊन झोपतुयास काय रं?”

“टँकमधी बसून रेडिओवर बोलतो. टँक पळतोय की, मी कशाला पळू?”

हरल्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. मी तीन वर्षं ज्या दिवसाची वाट बघत होते, म्हणजे फौजेतल्या रणजितला मैदानावर हरवायचं, तो दिवस आला आणि त्याने त्याची अशी टिंगल करून टाकली.

आमचं माळशेत गाव साताऱ्याकडचं. घरटी एक तरी माणूस फौजेत, आणि ज्या घरातलं कुणी नाही त्या घराबद्दल लोक जरा हळू आवाजात बोलतात. दारावर फौजीच्या नावाची पाटी लावायची पद्धत आहे. आमच्या दारावर दोन होत्या. वर आप्पांची, ‘दफेदार ज्ञानदेव बर्गे’, आणि खाली रणजितची, कोरी करकरीत. आप्पा रणगाड्यावर ड्रायव्हर होते. मी झाले त्या साली ते विजयंता नावाचा रणगाडा चालवत होते, म्हणून माझं नाव विजयंता. पोरीला रणगाड्याचं नाव ठेवलं आणि मग पुढची अठरा वर्षं तिला सांगितलं, की बायांना रणगाड्यावर घेत नाहीत.

बारावी झाल्यावर मी भरतीच्या कचेरीत गेलेही होते. खिडकीतल्या माणसाने विचारलं, “भावाचा फॉर्म न्यायला आलीस का?” शिपाई म्हणून तेव्हा मुली घेतच नव्हते. अधिकारी व्हायचं तर पदवी लागायची आणि फाडफाड इंग्रजी लागायचं, आणि माझं इंग्रजी बारावीलाच दुसऱ्या खेपेला सुटलं होतं. पोलिसात जा, पोलिसात जा म्हणून सगळा गाव मागे लागला होता. मला पोलिसात जायचं नव्हतं. शेवटी तालुक्याच्या एका भरती अकादमीत मी पोरांना पळवायला लागले. माझ्या हाताखालून अकरा पोरं फौजेत गेली. त्यात एक रणजित. पहाटे तोंडावर पाण्याचा तांब्या उपडा केल्याशिवाय तो उठायचा नाही, तरी मी त्याला पळवला, बीमवर लोंबकळायला लावला, छाती फुगवायला शिकवली. आप्पांच्या रेजिमेंटच्या कोट्यातून तो लागला. नगरला ट्रेनिंग झालं, आणि मग राजस्थानात त्याच रेजिमेंटमध्ये वायरलेसवर गेला.

हेवा कशाला म्हणतात ते मला नीट ठाऊक आहे. मला त्याच्या कॅन्टीनच्या साबणाचासुद्धा हेवा वाटायचा. तो सुट्टीवर आला, की आप्पा त्याला अंगणात घेऊन बसायचे आणि गिअरबॉक्स, ट्रॅक, फायरिंग असल्या गप्पा चालायच्या. मी आत भाकऱ्या थापत ऐकायची. आप्पांच्या जुन्या पुस्तिकेतले रणगाड्याचे भाग मला तोंडपाठ होते, रणजित अडखळायचा. आप्पा त्यालाच विचारायचे. त्याचे बूट मी पॉलिश करायची, तो नको म्हणायचा तरी करायची, आणि पॉलिश झाले की कुणी नाही असं बघून पायात घालायची. ते मला सैल व्हायचे. त्याचाही राग यायचा.

तर त्या दिवशी मैदानावर, मे महिना संपत आलेला, त्याच्या सुट्टीचे चार दिवस उरलेले. तो गवतावर उठून बसला.

“ताई, एक सांगू? वरडू नगंस.”

“पोरगी बघितलीस व्हय?”

“बघितली,” तो म्हणाला. “ल्हानपणापासनं बघतोय. आरशात.”

मला काहीच कळलं नाही. मग त्याने सांगितलं. गडबड न करता, खाली मान घालून, एकेक वाक्य. की तो पुरुष नाही. कधीच नव्हता. जोधपूरला सुट्टीच्या दिवशी जाऊन एका डॉक्टरणीला वर्षभर भेटत होता, तिने कागद दिला होता. नाव ठरवलं होतं, तनुजा. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला होता, की आपण बाई का पुरुष हे ज्याचं त्याने सांगायचं. तो निकालही छापून फाईलला लावला होता.

इथून पुढे मी तिला तनुजाच म्हणते. तेव्हा मनातल्या मनात मी तिला बरंच काय काय म्हणत होते, ते इथे लिहीत नाही.

“मग आता? फौज सोडणार?” मी विचारलं. माझ्या आवाजात आशा होती. तिला ऐकू आली का नाही, देव जाणे.

“सोडायची कशाला?” तिने दचकून माझ्याकडे पाहिलं. “ताई, मी रेडिओवर बसली ना, की वाळूच्या वादळात चौदा टँक माझ्या आवाजावर चालत्यात. मला दुसरं काय येत न्हाय आन् दुसरं काय करायचं पण न्हाय. डिसेंबरात माझ्या कोर्सचा निकाल हाय. पहिली येणार. फीत लागंल दंडावर. मग फाईल घिऊन सोता कर्नलसाहेबांपुढं जाणार. माझ्या तोंडानं सांगणार. काम बघून ठेवत्यात का बघू.”

“बाया घेत न्हाईत फौजेत.”

“घेत न्हाईत. पण मी आधीच आत हाय की.”

मी पायातला बूट काढला आणि उगाच त्यातला खडा झटकला. खडा नव्हताच.

“म्हंजी तुला दोन्ही पायजे,” मी म्हणाले. “वर्दी बी पायजे, आन् बाई बी व्हायचंय.”

“तुला नको व्हती व्हय वर्दी? बाई असून?”

मी बूट घातला आणि आणखी दोन फेऱ्या पळून आले. परत आले तेव्हा ती तिथेच बसली होती.

“डिसेंबरपातुर कुणाला बोलू नगंस,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाकडनं कळलं तर संपलं. चोरून ठेवलं असं व्हतंय मग. मी सांगितलं तर गोष्ट येगळी.”

“न्हाय बोलत,” मी म्हणाले, आणि बोलले नाहीच. तोंडाने मी कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. गावातले निवृत्त फौजी सुट्टीवर आलेल्या पोरांचा सत्कार करतात, शाल आणि नारळ देऊन, ग्रामपंचायतीच्या पडवीत. चहाची किटली माझ्याकडे होती. सुभेदार मानेकाकांनी तनुजाच्या खांद्यावर शाल टाकली आणि पाठीवर थाप मारली.

“ज्ञानदेवा, पोरानं घराण्याचं नाव काढलं बघ. मरद गडी!”

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी ते मी कधी पाहिलं नव्हतं. तनुजाने शाल नीट केली आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. तिला वाटलं, आता आम्ही दोघी एका गुपितात आहोत, तर मला हसू येईल. मला मात्र वाटलं, किटली तिथेच ठेवावी आणि सगळ्यांना ओरडून सांगावं, की तुमचा मर्द गडी बाई आहे, आणि फौजेला बाईच द्यायची असेल तर इकडे बघा, मी इथे उभी आहे, तिच्यापेक्षा चाळीस सेकंद आधी पोचलेली.

“विजू, साखर कमी पडली गं,” मानेकाका म्हणाले.

मी साखर आणायला गेले.

त्या संध्याकाळी तिने भाकऱ्या केल्या. आप्पा देवळात गेले होते म्हणून. माझ्या भाकरीला नेहमी एका बाजूला चीर जाते, तिची एकही फुटली नाही. “आईचं बघून शिकलेली,” ती म्हणाली. “तू मैदानावर असायचीस तवा.” आई जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. आई गेली तेव्हा तनुजा बारा वर्षांची होती, आणि त्या आधीच कधीतरी ती आईजवळ बसून हे शिकली होती. मला आईने चुलीजवळ बसवायचा प्रयत्न केला आणि मी पळून गेले, हे खरं आहे. पण त्या वेळी मला एवढंच दिसलं, की आईसुद्धा हिने घेतली.

माझं डोकं त्या तीन दिवसांत किती खालच्या थराला गेलं होतं, हे कळावं म्हणून सांगितलं.

आता ट्रंकेचं. आमच्या गावात सुट्टीवरून परत जाणाऱ्याने स्वतःची ट्रंक भरायची नसते. घरातल्या बाईने भरायची, त्याने फक्त उचलायची. स्वतः भरली तर माणूस परत घरी येत नाही, असं मानतात. आई होती तोवर आप्पांची ट्रंक ती भरायची, नंतर हे काम माझ्याकडे आलं. यात एक पद्धत आहे. तळाला त्याचं स्वतःचं सामान, कपडे, कागदपत्रं, घोंगडी. मध्ये वर्दी. आणि सगळ्यात वरचा थर खाण्याचा. हा थर त्याचा नसतोच. आप्पा सांगायचे, सुट्टीवरून ट्रंक आली की कुलूप निघायच्या आत सगळी बरॅक भोवती गोळा होते. कुलूप मालकाने काढायचं आणि बाजूला व्हायचं. मग पंधरा-वीस हात ट्रंकेत. पंजाबी, जाट, तमिळ, सगळ्यांना आईच्या हातचे शेंगदाण्याचे लाडू माहीत होते. वरच्या थरात काय आहे हे मालकाच्या आधी बाकीच्यांना कळतं. फौजीच्या घरात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

निघायच्या आदल्या दुपारी तनुजाने स्वतःची फाईल माझ्या हातात दिली. निळी, प्लास्टिकची. “घोंगडीत गुंडाळ,” ती म्हणाली. “पार तळाला.” मी तिच्यासमोर ती घोंगडीत गुंडाळली आणि तळाला ठेवली. ती शेजारच्या आळीतल्या आत्याचा निरोप घ्यायला गेली. मी बाकीची ट्रंक भरली. वर्दीच्या घड्या घातल्या. लाडवांचे दोन डबे, चिवडा, लसणाची चटणी, खारे दाणे. कुलूप लावून किल्ली तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओवाळलं. आप्पा साताऱ्यापर्यंत सोडायला निघाले होते. जीपमध्ये बसायच्या आधी तिने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, “डिसेंबर.”

“जा,” मी म्हणाले. “गाडी चुकंल.”

बारा दिवसांनी आप्पांच्या मोबाईलवर फोन आला. रेजिमेंटचे एक रिसालदार, आप्पांच्या वेळचे. आप्पा अंगणात खाटेवर बसले होते, मी तुरीची डाळ पाखडत होते. आप्पा आधी मोठ्याने बोलत होते, मग नुसतं “हां साब, हां साब,” मग तेही थांबलं. फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे बघायला लागले.

“विजू, रणजितच्या ट्रंकेत काय व्हतं गं?”

“लाडू,” मी म्हणाले.

“लाडवाखाली फाईल घावली म्हंत्यात. पोरांनी डबा उचलला तर खाली फाईल. साडीतला फोटो व्हता म्हंत्यात त्याचा. पोरांनी वाचून दाखवली सगळी, बरॅकभर. मग वर गेलं परकरण.” आप्पांनी तोंडावरून हात फिरवला. “फाईल लाडवाखाली कुणी ठेवली?”

मी ठेवली होती. ती आत्याकडे गेली तेव्हा मी ट्रंक पुन्हा तळापर्यंत रिकामी केली, घोंगडी उलगडली, फाईल काढली. उघडून पहिलं पान बघितलं. साडीतला फोटो होता, स्टुडिओतला. आईची मोरपंखी साडी, जी मी दोन वर्षं शोधत होते. ती मला कधी चांगली दिसली नव्हती. हिला दिसत होती. मी फाईल वर्दीवर ठेवली, त्यावर लाडवांचा डबा ठेवला, आणि कुलूप लावलं. मी अगदी नीट, सरळ ठेवली. कोपरे जुळवून.

“मला न्हाई म्हाईत,” मी आप्पांना म्हणाले.

त्यानंतर तीन महिने नुसती वाट बघणं. तनुजाचा फोन यायचा, आप्पा घ्यायचे नाहीत, मी घ्यायची. “चौकशी चाललीय,” एवढंच ती सांगायची. मला ती कधी काही विचारायची नाही, आणि मी रोज ठरवायची की उद्या फोन आला की सांगून टाकायचं. मी अकादमीतल्या पोरांना त्या तीन महिन्यांत इतकं पळवलं, की दोघांनी दुसरीकडे नाव घातलं.

सप्टेंबरात ती आली. ट्रंक नव्हती, एक पिशवी होती. केस कानापर्यंत वाढलेले, अंगात साधा पंजाबी ड्रेस. गल्लीतून ती तशीच चालत आली, सगळी दारं उघडी असताना. आप्पा खाटेवरून उठले, आत गेले आणि कडी लावून बसले. तिने पायरीवर बसून चप्पल काढली. दोन दिवस आप्पा जेवायच्या वेळी बाहेर यायचे, तिच्याकडे न बघता जेवायचे, पुन्हा आत. तिसऱ्या दिवशी ताटावरून न उठता त्यांनी भिंतीला विचारल्यासारखं विचारलं,

“शिक्षा झालीवती काय कसली?”

“न्हाय आप्पा.”

“लाल शाईची नोंद?”

“एक बी न्हाय.”

“कोर्सचं काय झालं?”

“पहिली आली. निकाल लवकर लागला.”

आप्पांनी घास खाली ठेवला. “मंग काढलं कशापायी?”

“साहेब म्हणलं, रेडिओवर तुझ्यासारखं दुसरं कुणी न्हाय. चूक झाली, आजारी हुतो, असं लिवून दे, रणजित बर्गे म्हणून ऱ्हा, मी सांभाळून घेतो. मी म्हणलं, तसं न्हाय लिवणार. मंग ते म्हणलं, तू सोता सांगतीयास बाई हाय म्हणून. बाई या जागेवर ठेवायचा नियमच न्हाय, मी काय करू? त्यांनाबी वाईट वाटलं, आप्पा. मला चहा पाजला.”

मी ताकाचं भांडं हातात घेऊन उभी होते. तिला काढलं जाईल हे मला माहीत होतं, त्याचसाठी तर मी ते केलं होतं. पण कशाबद्दल काढतील याचा विचार मी केला नव्हता. मला वाटलं होतं, काहीतरी भलतंच कारण असेल, घाणेरडं, तिचं तिचं. कारण निघालं ते माझंच. ज्या एका गोष्टीसाठी मला खिडकीतूनच परत पाठवलं, त्याच गोष्टीसाठी तिला पहिला नंबर काढल्यावर घरी पाठवलं. मी आपल्या हाताने तिला माझ्या रांगेत आणून उभी केली होती, आणि त्या रांगेत मला काडीचाही आनंद नव्हता.

आप्पा म्हणाले, “पहिली आली, आन् काढली.” आणि हात धुवायला उठले. त्या दिवसापासून त्यांनी दाराला कडी लावली नाही. याहून जास्त त्यांनी काही केलं नाही, आणि गावाला वाटलं तेवढं कमीही नव्हतं ते.

महिन्याने तनुजा पुण्याला निघाली. एका टॅक्सी कंपनीत तिला वायरलेसवरचं काम मिळणार होतं, आणि कोर्टात जायचं तर वकील तिथेच होता. ती केस पुढे किती वर्षं चालली, तिचं काय झालं, ती वेगळी गोष्ट आहे. आता लष्कराच्या पोलिसांत मुलींना शिपाई म्हणून घेतात, माझ्याकडच्या दोघी लागल्याही, पण तो नियम झाला तेव्हा माझं वय उलटून नऊ वर्षं झाली होती. आणि तनुजासाठी तर त्या फॉर्मवर अजून रकानाच नाही.

ती निघायची ती दुपार. आप्पा शेतावर होते. ती खोलीत बॅग भरत होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

“दे इकडं, मी भरती,” मी म्हणाले.

“ऱ्हाऊ दे.” तिने वर बघितलं नाही. “मी भरती माझी.”

मी जागच्या जागी बसले. उंबऱ्यावरच.

“मला म्हाईत हाय, ताई,” ती म्हणाली. कपड्यांच्या घड्या घालता घालता, अगदी साध्या आवाजात. “कुलूप काढलं, डबा उचलला, तवाच कळलं. घोंगडीतल्या फाईलीला काय पाय फुटत न्हाईत.”

“मग बोलली का न्हाईस? तीन म्हयनं रोज फोन करत व्हतीस.”

“चौकशीत इचारलं, घरी कुणाला ठाऊक व्हतं का? मी म्हणलं, कुणालाच न्हाय. ट्रंक कुणी भरली? म्हणलं, मीच भरली. ते हसलं, बर्गे, लाडवाखाली फाईल ठेवतंय व्हय कुणी. म्हणलं, ठेवली खरी.”

मला रडू फुटलं. भाऊ, बहीण, जे काय असेल ते, देवाने मला दिलं होतं आणि मी त्याचं हे केलं होतं, आणि तरी तिने माझं नाव घेतलं नव्हतं.

“माझ्यावर येऊ नये म्हणून? मला वाचवलंस व्हय गं?”

ती थांबली. हातातला दुपट्टा तिने गादीवर टाकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

“वाचवलं? तुला?” ती म्हणाली. “तुझ्या परकराकडं, तुझ्या बांगड्यांकडं बघून मी ल्हानपणी किती जळली ते तुला म्हाईत हाय का? तुला ते फुकट मिळालं, आन् तू ते खुंटीला टांगून मैदानावर पळायचीस. मी बघत बसायची. कोण बसलंय तुला वाचवायला.”

“मग?”

“तुझं नाव सांगितलं असतं तर साक्षीला बोलावलं असतं तुला. रेल्वेचा पास धाडून. फाटकावरच्या संत्रीनं वहीत नाव लिवून घेतलं असतं आन् आत सोडलं असतं. टँकांच्या रांगेतनं चालत आली असतीस तू. साहेबांच्या टेबलापुढं सावधान हुबी ऱ्हायली असतीस, माझ्यापरीस ताठ. तुझं नाव इचारलं असतं, तू सांगितलं असतंस इजयंता, आन् साहेब मला इसरून तुझ्याकडंच बघत बसलं असतं.” तिने बॅगेची चेन ओढली. “माझी नोकरी जायची ती गेली. पर तेवढं मला तुला द्यायचं नव्हतं.”

यावर मी तिचे पाय धरायला हवे होते. निदान ‘चुकलं’ एवढं तरी म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं, पण दोन वर्षांनी, पुण्याला तिच्या खोलीवर जाऊन. त्या दुपारी मी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि तिला विचारलं,

“टँकाच्या किती जवळनं नेलं असतं गं मला?”